सासूबाई सातव्या पायरीवर का थांबतात?

पत्र असं आहे:

«काकू, नमस्कार. आम्ही सोलापुरात विडी घरकुलमध्ये राहतो. सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत, लहानपणापासून विड्या वळतात. शुगरची गोळी चालू आहे. दोन महिने झाले, जिना चढताना त्यांना दम लागतो, गळ्याशी आवळल्यासारखं होतं म्हणतात. आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत, त्या सातवीवर थांबतात. पाण्याच्या दिवशी, म्हणजे नळाला पाणी येतं आणि घागरी वर न्यायच्या असतात तेव्हा, जास्त होतं. विचारलं तर, "पित्त हाय गं, काय होत न्हाई." जवळच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. तरी त्यांनी मोठ्या दवाखान्यात जाऊन टूडी इको आणि टीएमटी करायला लिहून दिलंय. सासूबाई तयार नाहीत. सासरे सहा वर्षांपूर्वी अटॅकनं गेले. रात्रभर घरीच होते, ओवा-सोडा दिला, सकाळी नेलं आणि अँजिओग्राफी चालू असतानाच गेले. तेव्हापासून "मशिनीवर घातलं की माणूस परत येत न्हाई" असं त्यांच्या डोक्यात बसलंय. आमचे मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आहेत. ते म्हणतात, ईसीजी चांगला आलाय, मग आईला कशाला त्रास? शेजारच्या म्हणतात, या टेस्ट पैसे काढायला असतात, दाखवायचंच तर पुण्याला न्या. मी सून पडले. जास्त बोलले तर बरं दिसत नाही. काय करू?»

तू मला काकू म्हटलंस, म्हणून मीही अगं-तुगंच करते.

आधी उत्तर. टेस्ट करायच्या. सोलापुरातच करायच्या, या आठवड्यात करायच्या. आणि सासूबाईंना खरं सांगून करायच्या. देवदर्शनाला जाऊ म्हणून रिक्षात बसवायचं आणि दवाखान्याच्या दारात उतरवायचं, असं करू नकोस. अशा फसवून आणलेल्या बायका मी खूप पाहिल्या आहेत. त्या एकदा येतात, पुन्हा येत नाहीत, आणि हृदयाच्या दुखण्यात पुन्हा पुन्हा यावं लागतं.

मी डॉक्टर नाही. याच गावातल्या एका रुग्णालयात २६ वर्षं ईसीजी आणि टीएमटीच्या (म्हणजे पट्ट्यावर चालवून काढायच्या ईसीजीच्या) खोलीत तंत्रज्ञ होते. औषध सांगायचा अधिकार मला तेव्हाही नव्हता, आताही नाही. पण त्या खोलीत काय होतं, कागदावर काय उमटतं, काय उमटत नाही आणि घरचे लोक तो कागद कसा वाचतात, हे मी रोज पाहिलं आहे. तेवढ्याच बळावर लिहिते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. डॉक्टर काय म्हणाले, मिस्टर काय म्हणाले, शेजारच्या काय म्हणाल्या, सगळं त्यात आहे. सासूबाईंना नेमकं काय होतं, ते मात्र एकाच वाक्यात आलंय: चढताना दम लागतो आणि गळ्याशी आवळतं. माझ्या लेखी पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच. कष्ट पडले की होतं, पाण्याच्या दिवशी वाढतं. सातव्या पायरीवर दोन-चार मिनिटं थांबल्यावर ओसरतं का, हे तू लिहिलेलं नाहीस. ते आज त्यांना विचार. ओसरत असेल तर डॉक्टरांना ते सगळ्यात आधी सांगायचं. पित्त पायऱ्या मोजत नाही गं. जेवणानंतर जळजळेल, रात्री आडवं झाल्यावर वर येईल. पण घागर उचलल्यावरच यायचं आणि टेकल्यावर जायचं, अशी शिस्त पित्ताला नसते. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या अरुंद झाल्या असतील तर मात्र असंच होतं. बसून असताना जेवढं रक्त येतं तेवढ्यात भागतं. चढताना हृदयाला जास्त काम पडतं, जास्त रक्त लागतं, ते पोचत नाही, आणि स्नायू कळ देतो. ती कळ छातीतच यायला हवी असं नाही. गळ्याशी, जबड्यात, डाव्या हातात, पाठीत, पोटाच्या वरच्या भागात, कुठेही येते. बायकांमध्ये आणि शुगरच्या माणसांमध्ये तर पुष्कळदा कळ अशी नसतेच. नुसता दम, नुसता थकवा, मळमळ, घाम. तुझ्या सासूबाई बाईमाणूसही आहेत आणि शुगरवाल्याही.

आता त्या नॉर्मल ईसीजीचं बोलू, कारण तुझ्या घरातलं सगळं त्या एका कागदावर अडलंय.

ईसीजी काढताना हातापायाला चार चिमटे लावतात, छातीवर सहा ठिकाणी वाट्या किंवा चिकटपट्ट्या. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगानं सरकतो. सगळ्या रेघा मिळून साधारण दहा सेकंदांचं हृदय त्यावर उतरतं. दिवसाचे सेकंद होतात ८६,४००. त्यातले हे दहा, आणि तेही बाई गादीवर शांत पडलेली असताना. तेव्हा ना घागर असते ना जिना. ज्यांच्या रोहिण्या अरुंद झाल्या आहेत पण अजून अटॅक आलेला नाही, अशा पुष्कळ लोकांचा पडल्या-पडल्या काढलेला ईसीजी अगदी साफ येतो. म्हणजे तो कागद खोटं बोलत नाही. त्याला जेवढं विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं. त्याच वेळी अटॅक चालू असेल, पूर्वी मोठा येऊन गेला असेल, ठोके अनियमित पडत असतील, तर तो बहुधा सांगतो. जिन्यावर काय होतं, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तुमच्या डॉक्टरांनी हे ओळखलं, कागद नॉर्मल असूनही पुढच्या तपासण्या लिहिल्या. पैसे काढणारा डॉक्टर "नॉर्मल आहे" म्हणून शंभराची गोळी देऊन दर आठवड्याला बोलावतो. यांनी तुम्हाला पुढे पाठवलं. त्यांचं ऐका.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. माझी सख्खी मावशी माझ्याच खोलीत आली होती. ५६ वर्षांची. म्हणाली, "बाजारातून येताना छातीवर कुणी हात ठेवल्यासारखं होतंय." मी स्वतः तिचा ईसीजी काढला. साफ होता. डॉक्टरांना दाखवून जा, एवढं म्हणायला हवं होतं. मी काय म्हणाले? "काही नाही मावशी, पित्त असेल, घरी जा." घरची होती, गर्दी होती, मला वाटलं तिचा वेळ वाचवावा. पाचव्या दिवशी तिला ॲम्ब्युलन्समधून आणलं. वाचली ती, पण हृदयाचा बराच भाग दुबळा झाला. पुढे नऊ वर्षं जगली आणि त्या नऊ वर्षांत माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी एकदाही येऊ शकली नाही. त्या दिवसापासून मी कुणालाही, ओळखीच्या माणसाला तर अजिबातच, "नॉर्मल आहे, घरी जा" म्हटलं नाही. तुझ्या पत्रात "नॉर्मल आला" हे शब्द दिसले, म्हणून इतकं लांबलचक लिहायला बसले.

आता लिहून दिलेल्या दोन तपासण्या. सासूबाईंना त्या कशा असतात हे आधी कळलं तर निम्मी भीती जाईल.

टूडी इको म्हणजे सोनोग्राफीच, गरोदरपणात करतात तशी. डाव्या कुशीवर झोपवतात, छातीवर गार जेली लावून एक दांडा फिरवतात. सुई नाही, भूल नाही, काही पोटात जात नाही. पंधरा-वीस मिनिटांचं काम. खोलीत अंधार असतो, पडदा नीट दिसावा म्हणून. हे आधी सांगून ठेव, नाहीतर बायका दचकतात. ब्लाऊज काढावा लागतो, वरून चादर देतात. बाई तंत्रज्ञ आहे का हे फोन करून विचारायला काहीच हरकत नाही. नसेल तर तू आत थांबते म्हण, थांबू देतात. पुढून हुक असलेला ब्लाऊज घालायला सांग. ऐकायला बारीक गोष्ट वाटेल, पण या एका कारणानं टेबलावरून उठून गेलेल्या बायका मला माहीत आहेत.

इकोत हृदयाच्या झडपा दिसतात, भिंती कशा हलतात ते दिसतं, आणि एक आकडा येतो, ईएफ. हृदय एका ठोक्याला त्याच्या कप्प्यातलं किती टक्के रक्त पुढे ढकलतं, तो हा आकडा. रिपोर्टवर ६० टक्के लिहिलेलं पाहून रडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना वाटतं ४० टक्के हृदय गेलं. परीक्षेचे मार्क नाहीत ते. निरोगी हृदयसुद्धा साधारण ५५ ते ७० टक्केच ढकलतं. तसंच 'ट्रेस' किंवा 'ट्रिव्हियल' असं लिहून एखाद्या झडपेतून किंचित गळती दाखवलेली असते. चांगल्या-भल्या माणसांतही ती सापडते. रिपोर्ट हातात पडल्यावर घरी बसून मोबाईलवर एकेक शब्द शोधू नका. डॉक्टरांसमोर बसून विचारा. आणि हेही लक्षात ठेव: इको चांगला आला म्हणजे रोहिण्या मोकळ्या, असं होत नाही. इकोला स्नायू दिसतो, त्याला रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या दिसत नाहीत. इथे पुन्हा "बघ, नॉर्मल आलं" म्हणून मिस्टर थांबतील. त्यांना थांबू देऊ नकोस.

टीएमटी ही खरी जिन्याची परीक्षा. सरकत्या पट्ट्यावर चालायचं, अंगाला ईसीजीच्या वायरी लावलेल्या, दंडाला बीपीचा पट्टा. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो. सुरुवातीला ताशी २.७ किलोमीटर, म्हणजे सिद्धेश्वर तलावाच्या काठानं नातीला घेऊन चालावं तेवढा वेग. पण चढण मात्र पहिल्यापासून असते. वयाच्या मानानं ठोके किती वर न्यायचे याचा हिशोब असतो: २२० वजा वय, त्याचे ८५ टक्के. सासूबाईंच्या वयाला ते १३८च्या आसपास येतात. घागर घेऊन सातव्या पायरीवर जे होतं, ते इथे डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर होतं, आणि झालं की पट्टा लगेच थांबवतात. पाण्याच्या दिवशी त्या घरी ही परीक्षा देतातच आहेत. फक्त तिथे बघायला डॉक्टर नसतो, आणि थांबवायला कुणी नसतं.

मात्र ५८ वर्षांची, आयुष्यभर सूप मांडीवर घेऊन बसलेली बाई त्या पट्ट्यावर कशी चालते, हे मी सांगते. गुडघे साथ देत नाहीत. साडी पायात येते. पट्टा सरकायला लागला की त्या समोरची दांडी घट्ट धरून लटकतात, आणि दोन मिनिटांत "पुरे" म्हणतात. मग रिपोर्ट येतो की परीक्षा अपुरी राहिली, आणि पैसे वाया. म्हणून सासूबाईंचे गुडघे दुखत असतील, भरभर चालवत नसेल, तर डॉक्टरांना ते आधीच सांग. त्यांना वाटलं तर ते दुसरी वाट धरतात: औषधानं ठोके वाढवून इको, किंवा रोहिण्यांचा सीटी स्कॅन. सीटीला रंगाचं औषध शिरेतून देतात, म्हणून त्याआधी मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन पाहावं लागतं. शुगरवाल्यांनी तर नक्कीच. टीएमटीच ठरली तर सलवार-कुर्ता घालून ने. त्या नको म्हणतील. मुलीच्या सासरी पंजाबी ड्रेस घालणाऱ्या विहिणी असतात, त्यांची आठवण करून दे. पोटभर जेवून जायचं नाही, दोन-तीन तास आधी हलकं खायचं. चालू गोळ्यांपैकी कुठली त्या दिवशी थांबवायची हे अपॉइंटमेंट घेतानाच विचार. आपल्या मनानं एकही बंद करायची नाही.

टीएमटी 'पॉझिटिव्ह' आली तर पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं, असं समजून पेढे वाटायला निघालेलं एक कुटुंब मला आठवतं. पॉझिटिव्ह म्हणजे संशयाला जागा आहे. आणि दुसऱ्या टोकाला जाऊन घाबरायचंही कारण नाही. बायकांमध्ये रोहिण्या ठीक असतानाही ही टेस्ट पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण बरंच असतं. पुढचं पाऊल डॉक्टर ठरवतील.

यासोबत रक्ताच्या साध्या तपासण्या आधी होऊ देत: हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची शुगर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, थायरॉईड. हिमोग्लोबिन आठ-नऊवर आलं असेल तर दम त्यानंही लागतो, आणि असलेला हृदयाचा त्रास त्यानं वाढतोही. छातीचा एक्स-रेसुद्धा डॉक्टर काढतील. इतकी वर्षं तंबाखूच्या धुळीत बसलेल्या बाईची फुप्फुसं पाहायलाच हवीत.

तंबाखूवरून एक गोष्ट, आणि ही तूच करू शकतेस. डॉक्टर विचारतील, "तंबाखू?" सासूबाई "न्हाई" म्हणतील, आणि त्यांच्या मते ते खरंच असेल. तू हळूच विचार: मिश्री लावता का? आपल्याकडे मिश्रीला कुणी तंबाखू म्हणत नाही, ते दात घासायचं. सकाळी एकदा, विड्या वळताना झोप येते म्हणून दुपारी एकदा, रात्री जेवणानंतर एकदा. ती भाजलेली तंबाखूच असते, त्यातलं निकोटिन रक्तात जातं, बीपी आणि ठोके वाढवतं. माझ्या खोलीत "व्यसन नाही" असं लिहिलेले किती केसपेपर आले, आणि दातांवर काळी रेघ मला समोर दिसत असायची. तू तिथे शेजारी असशील तर सांग. त्यांना लाज वाटेल असं नको, "डॉक्टर, मिश्री आहे, किती दिवसांत सोडवायची?" असं सरळ. विड्या वळणं उद्यापासून बंद करा, असं मी म्हणणार नाही. त्या हजार विड्यांवर घरातला किराणा येतो हे मला ठाऊक आहे. पण मिश्री सुटू शकते.

खाण्यापिण्याचं फार लिहीत नाही. मीठ कमी, लोणचं-पापड कमी. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बंद करायची गरज नाही, चटणीतलं मीठ आणि पानातलं तिचं माप तेवढं बघ. खरी गडबड तिथे नाहीये.

आता पुणे. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला नेणं काही अवघड नाही, आणि उद्या काही गुंतागुंतीचं निघालं तर जरूर न्या. पण या तपासण्यांसाठी अडीचशे किलोमीटर कशाला? तुळजापूर, उमरगा, अक्कलकोट, पार तिकडे इंडी-आळंदहून माणसं हृदय दाखवायला सोलापुरात येतात. मी २६ वर्षं त्यांचीच गर्दी आवरली. इको, टीएमटी, अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी (म्हणजे अरुंद रोहिणी आतून उघडणं) या गावात होते. आणि हृदयाच्या बाबतीत जवळचा दवाखाना हाच चांगला दवाखाना, कारण खरी वेळ येते ती रात्री दीड वाजता. तेव्हा त्यांचा जुना ईसीजी, जुना इको ज्यांच्याकडे आहे, ज्या डॉक्टरांनी त्यांना एकदा तपासलंय, ते वीस मिनिटांवर हवेत. पुण्यात तपासून इथे फाईल नसलेली माणसं इमर्जन्सीत आली की पहिला अर्धा तास "काय गोळ्या चालू आहेत" यातच जायचा.

पैशाचंही स्पष्ट बोलू. मिस्टरांच्या पगारातून कामगार विम्याचे पैसे कापले जात असतील तर त्यांच्यावर अवलंबून असलेल्या आईलाही त्यातून उपचार मिळतात. कार्डावर आईचं नाव घातलंय का, ते आजच पाहायला सांग. कित्येकांनी घातलेलंच नसतं. ते नसेल तर सिव्हिलमध्ये केसपेपर काढून मेडिसिनच्या ओपीडीत दाखवता येतं. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना २००६च्या उच्च न्यायालयाच्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तिथल्या समाजसेवकाला विचारायचं, काउंटरवर नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि अँजिओप्लास्टी, बायपास त्यात बसतात. पण ओपीडीतल्या तपासण्यांचा खर्च बहुधा खिशातूनच करावा लागतो, त्यामुळे आधी योजना म्हणून गेलात आणि इकोचे पैसे भरायला लागले तर "फसवलं" असं वाटू देऊ नका. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन ॲडमिट व्हायच्या आधी त्याला भेटायचं, नंतर नाही.

शेजारणींचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, हेही मान्य करते. नको त्या तपासण्या करायला लावणारे असतात. म्हणून एकच प्रश्न विचारायला शिक: "डॉक्टर, या टेस्टचा रिपोर्ट चांगला आला तर पुढे काय करणार, आणि वाईट आला तर काय?" दोन्हीची उत्तरं वेगवेगळी असतील तर टेस्ट करण्यासारखी आहे. अँजिओग्राफीपर्यंत गोष्ट गेलीच तर ती तपासणी आहे, उपचार नव्हे, हे सगळ्यांनी समजून घ्या. बहुतेक वेळा मनगटातून बारीक नळी घालतात, रंगाचं औषध सोडून रोहिण्यांची फिल्म काढतात. सासूबाईंसारखा जिन्यावरचा त्रास असेल तर फिल्म काढून त्यांना टेबलावरून खाली आणा, सीडी द्या, आम्ही बोलून ठरवतो, असं आधीच सांगता येतं. अटॅक चालू असेल तेव्हा मात्र हे म्हणायचं नाही; तेव्हा मिनिटं महत्त्वाची. स्टेंटच्या, म्हणजे रोहिणी उघडी ठेवायला आत बसवतात त्या जाळीच्या, किमतीवर २०१७ पासून सरकारनं मर्यादा घातली आहे, तेव्हा बिलात स्टेंटचं नाव आणि किंमत वेगळी दाखवायला सांगा.

आता सासरे. तुझ्या पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात जड गेलं: रात्रभर घरी होते, ओवा-सोडा दिला. कुणी दिला ते तू लिहिलं नाहीस. घरातलं माणूस रात्री कळवळलं की ओवा कोण देतं, हे आपण बायका जाणतो. सहा वर्षं त्या "मशिनीनं नेलं" म्हणताहेत. मला वाटतं त्याखाली दुसरंच काही असावं. मशीनवर दोष असेल तर त्या रात्रीवर नसतो. त्या जर आज टेस्टला आल्या, टेस्टमधून काही सापडलं, वेळेत औषध मिळून बऱ्या झाल्या, तर मग त्यांना स्वतःला विचारावं लागेल की त्या रात्री आपण लगेच नेलं असतं तर? माझा हा अंदाज आहे, चुकीचाही असेल. पण म्हणूनच सासऱ्यांचा विषय तू काढू नकोस. सुनेच्या तोंडून तो आरोप वाटेल. तो मिस्टरांनी काढावा, आईच्या शेजारी बसून, टीव्ही बंद करून. म्हणावं, "आई, बाबांना मशिनीनं नेलं नाही. रक्ताची गाठ आदल्या रात्रीच बसली होती. आपल्याला कळलं नाही, मलाही कळलं नाही, मी पण त्याच घरात झोपलो होतो. ओवा तू दिलास तसा कुणीही दिला असता." हे मुलानं म्हटलं पाहिजे. बाकीच्या सगळ्या समजुती या एका वाक्याशिवाय लागू पडणार नाहीत.

मिस्टरांना हे करायला कसं तयार करशील? हे पत्र दाखव. किंवा नको. येत्या पाण्याच्या दिवशी त्यांना म्हण, आज कारखान्यात तासभर उशिरा जा, आणि काही न बोलता जिन्याच्या तोंडाशी उभं राहून आईला घागर घेऊन चढताना बघा. फक्त बघा. आणि त्यानंतर तपासण्या होईपर्यंत पाणी त्यांनी किंवा तू वर न्यायचं.

तू विचारलंस, मी सून, बोलावं का. अगं, सातवी पायरी मोजली कुणी? मुलानं नाही मोजली. तू मोजलीस. जिनं मोजलं तिनंच डॉक्टरांना सांगायचं.

तपासण्या होईपर्यंत एवढं घरात सगळ्यांना पाठ हवं. हा त्रास बसल्या जागी, काही न करता झाला, किंवा थांबूनही दहा-पंधरा मिनिटांत गेला नाही, घाम फुटला, उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर टीएमटीची तारीख वगैरे विसरायची. १०८ला फोन. अशा वेळी टीएमटी करायचीच नसते, ती धोक्याची ठरते. त्यांना जिना उतरायला लावायचं नाही, खुर्चीत बसवून दोघांनी खाली आणायचं. स्कूटरवर दोघांच्या मध्ये बसवून न्यायचं नाही. आपल्या गावात हे सर्रास करतात, आणि वाटेत माणसाची शुद्ध हरपली की तिघंही पडतात. शेजारचे काका खिशातून सॉर्बिट्रेटची गोळी काढून जिभेखाली ठेवा म्हणतील, तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. बीपी आधीच उतरलेलं असेल तर आणखी खाली जातं. दवाखान्याच्या दारातच "छातीचा त्रास" हे शब्द मोठ्यानं म्हणायचे, दहा मिनिटांच्या आत ईसीजी व्हायला हवा. तो साफ आला तरी लगेच घरी निघायचं नाही. रक्तातलं ट्रोपोनिन बघतात, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते वाढतं; पण वाढायला काही तास लागतात, म्हणून पुन्हा करतात. तेवढा वेळ थांबायचं. गाठ विरघळवायचं इंजेक्शन किंवा लगेचची अँजिओप्लास्टी, दोन्हींचा फायदा पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त.

अपॉइंटमेंट घेताना पाण्याचा दिवस टाळ, नाहीतर "आज पाणी हाय" म्हणून त्या घराबाहेर पडणार नाहीत. विड्या कारखान्यात द्यायचा दिवसही टाळ. सोबत जुना ईसीजी, शुगरचे कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घे. नावं लिहून नेऊ नकोस, पाकिटंच ने. आणि पट्ट्यावर चप्पल घालून चालवत नाहीत. घरात बूट नसतील तर नातीचे शाळेचे पांढरे कॅनव्हास त्यांच्या पायाला येतात का, ते आज संध्याकाळीच घालून बघ.